गाडीनं हवा घेतली नव्हती

वरवंड

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कुणी फिरायला म्हणून येत नाही. लोक सोलापूर रस्त्यानं नाहीतर नगर रस्त्यानं जातात, वाटेत चहाला थांबतात आणि पुढं निघतात. मी मात्र मागच्या माघात तीन दिवस काढून हेच दोन तालुके फिरून आलो. सोबत थोरली बहीण होती आणि आमची जुनी डिझेल पिकअप.

आधी गाडीचं सांगतो. बारा वर्षं हिनं आमची शेवंती, झेंडू, कोथिंबीर मार्केटला नेली. आता व्यापारी बांधावर येऊन माल उचलतो, त्यामुळं गाडी शेडखाली उभी असायची. घरचे म्हणत होते, विकून टाका. नुसती जुनी झाली म्हणून नव्हे. ही गाडी पायगुणाची नाही, असं आमच्या घरात ठरून गेलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी दौंडच्या दवाखान्यात आईचं शेवटचं चाललं होतं आणि मी याच गाडीनं आक्काला आणायला निघालो होतो. आक्काला घेऊन परत येईपर्यंत आई गेली होती. बोलणं नाही, बघणं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, वाटेत गाडीनं हवा घेतली.

ज्यांनी डिझेल गाडी वापरली नाही त्यांच्यासाठी: डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडतं. हातानं पंप दाबून ती हवा काढली तरच गाडी पुन्हा चालू होते. रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीला हे होतं, म्हणून कुणी शंका घेतली नाही. उलट दहाव्याला माणसं माझ्याच पाठीवरून हात फिरवत होती.

गाडीनं हवा घेतली नव्हती. गाडी ठणठणीत होती. ती मी थांबवली होती.

हे आठ वर्षं मी कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. गाडी विकायचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. जिच्या माथ्यावर आपलं खोटं मारलं, तिला वर भंगारातही घालायचं, हे काही माझ्याच्यानं झालं नाही.

म्हणून ती यवतला नेली. तिथं वेल्डिंगवाले एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी म्हणालो, "आप्पा, हौद्यावर बंद खोली करायचीय. आत झोपता आलं पाहिजे, चहा करता आला पाहिजे."

आप्पांनी चष्मा कपाळावर नेला. "घरात काय वाजलंय का?"

"न्हाई वो. फिरायला जायचंय."

"कुठं, काशीला?"

"तळेगावला. ढमढेरे."

"आरं दत्ता, त्येला पलंग कशाला लागतोय? हितं वतलेला चहा निवायच्या आत पोचशील की तिथं."

पण काम त्यांनी मन लावून केलं. चौकोनी पाइपाचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लाय, मधे थर्माकोल. भंगारात आलेल्या एसटीच्या दोन सरकत्या खिडक्या बसवल्या. खाली सामान ठेवायची पेटी आणि वर गादी, असा एक पलंग. टपावर पाण्याची टाकी, तिची तोटी आत. एक छोटी शेगडी, एक पंखा, दोन दिवे. मालाच्या वजनासाठी मागच्या कमानपाट्यांत पोलादी पट्ट्यांची जादा पानं घातलेली होती, त्यांनी रिकामी गाडी आदळायची; ती काढायला सांगितली.

"पानं काढली तर लोड घिणार न्हाई मग," आप्पा म्हणाले.

"लोड न्हाईच आता. आक्का बसणार हाय."

 ते काम पोरांवर न सोपवता आप्पा स्वतः गाडीखाली शिरले. बॉडी बदलल्याची नोंद आरटीओत करून घेतली, तिला मात्र गाडी बनवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

शेवटी पेंटर आला आणि समोरच्या काचेवर काय लिहायचं म्हणून विचारायला लागला. पूर्वी तिथं 'आईचा आशीर्वाद' होतं. आई गेल्यावर महिनाभरात मी ते ब्लेडनं खरवडून काढलं होतं. "मोकळंच राहू दे," मी म्हणालो.

आमच्याकडं लग्न झालेली लेक आपली आपण माहेरी येत नाही. तिला न्यायला माणूस जातो, बहुतेक भाऊच. त्याला मुराळी म्हणतात. आताच्या पोरी स्कूटीवरून येतात आणि जातात, पण आक्काच्या वयाच्या बायकांत ते अजून आहे. आईच्या तेराव्यानंतर आक्का एकदाही वरवंडला मुक्कामाला राहिली नाही. लग्नकार्याला येते, जेवते आणि दिवस मावळायच्या आत परत. मी न्यायला गेलो की तिला काही ना काही काम निघतं. "आई गेली, माहेर गेलं," एवढंच म्हणते, तेही हसून.

तर मी ठरवलं, दोन दिवस तिला फिरवायचं आणि तिसऱ्या दिवशी घरी आणायचं. आणि मधे कुठंतरी खरं काय ते सांगायचं. ते ऐकल्यावर ती घरी येईल का, हे मला माहीत नव्हतं. बायकोनं, सुनंदानं, पेटीत तांदूळ, तिखट, लोणचं भरलं आणि दारात म्हणाली, "वन्संना आणूनच या बरं का. मोकळं येऊ नका."

तळेगाव ढमढेरे

चौफुल्याहून केडगाव, मग पारगावला भीमेवरचा पूल, मग न्हावरा, मग तळेगावचा रस्ता. पारगावच्या पुलावर मी डावीकडं बघितलं नाही. आठ वर्षं बघत नाही.

आक्काची वस्ती गावाच्या अलीकडं, फाट्यापासून अर्धा किलोमीटर आत. दाजी गोठ्यात होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिडकीतून आत डोकावले.

"काय रे दत्ता, कोंबड्या पाळल्या का काय?"

"आक्काला न्यायला आलोय दाजी. तीन दिवस. मोकळंच फिरायचं."

"तीन दिवस? आन् मला भाकरी कोण घालायचं?"

आतून आक्काचा आवाज आला, "हात हायत की तुमास्नी. चाळीस वर्सं बगितल्यात मी, जेवताना लई चालत्यात."

आक्का यायला तयार झाली, याचंच मला नवल वाटलं. वरवंडला म्हणालो असतो तर आली नसती. फिरायचं म्हणालो म्हणून आली. सत्तावन्न वर्षांत कुणी तिला नुसतं फिरायला चल म्हणालं नव्हतं. मागचं दार उघडून ती आत चढली, गादी दाबून बघितली, तोटी सोडून बघितली. मग थांबली आणि नाकानं श्वास ओढला.

"कोथमिरीचा वास येतोय अजून."

खाली उतरून ती पुढं केबिनमध्ये बसली आणि काचेकडं बघत म्हणाली, "हितलं पुसलंस व्हय?"

"काच बदलली," मी म्हणालो. तोंड उघडलं की खोटंच बाहेर येतं, इतकी सवय.

तळेगावात बाजाराचा दिवस होता. आक्कानं अर्धा किलो हुलग्याचं पीठ घेतलं, मेथीच्या जुडीवरून बाईशी भांडली आणि नंतर तिच्याच पाटीशी बसून तिच्या सुनेचं बाळंतपण ऐकून आली. बाजारात उभं राहिलं की दोन तालुक्यांतला फरक कळतो. आमच्या दौंडकडं माणूस भेटला की पहिला प्रश्न कालव्याला पाणी कधी सुटणार. इकडं विचारतात, पोरगा कुठल्या शिफ्टला आहे? इथल्या शेतकऱ्याला कंपनीच्या भोंग्याची वेळ ठाऊक असते. आक्का म्हणाली, "माझ्या दारची कोंबडीबी सेकंड शिफ्ट सुटल्यावर झोपती."

टाकळी हाजी

दुसऱ्या दिवशी रांजणखळगे बघायला गेलो. कुकडी नदीनं काळ्या खडकात गरगर फिरत रांजणासारखे खोल खड्डे कोरलेत. काही इतके गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटतं. आक्का काठावर पाय सोडून बसली.

"पान्यानं केलं हे?"

"पाणी आन् गोटे. एक गोटा आत अडकतो आन् फिरत राहतो. वर्षानुवर्षं."

"गोट्याचं काय हुतं मग?"

मला माहीत नव्हतं. "झिजत आसंल," म्हणालो. तिथंच सांगायचं असं मनाशी धरलं होतं. घसा खाकरला, तेवढ्यात मागं गाडीपाशी आवाज आले.

पत्र्याची बंद गाडी, खिडकी उघडी आणि शेगडीवर पातेलं, हे बघून रांजणगावच्या कंपनीतली सुट्टीवर आलेली दोन पोरं खिडकीपाशी उभी होती. बिहारकडची असावीत.

"आंटी, चाय मिलेगा?"

मी नाही म्हणायच्या आत आक्का उठली. "मिलेगा की. बैठो, बैठो."

तिनं आलं ठेचून चहा केला. तो प्यायल्यावर एकानं खिशात हात घातला तर आक्का रागावली. "पैसा नय. ये हाटेल नय, घरका गाडी है."

"किसकी गाडी है, आंटी?"

"मेरे भाईका. मेरेकू लेने आया है ना."

ते ती मोठ्या थाटात म्हणाली. मी माझा चहा खडकावर ओतला. त्या दिवशी सांगायचं राहिलं.

चिंचणी

संध्याकाळी घोड धरणाच्या काठाला गाडी लावली. पाण्यावर बदकं होती, पलीकडं कुणाच्या तरी रानात हुरडा भाजल्याचा धूर. काठ जरा उताराचा होता, पण आक्काला आतून पाणी दिसलं पाहिजे म्हणून गाडीचं तोंड वर आणि मागचं दार पाण्याकडं करून उभी केली. घसरू नये म्हणून चाकाखाली दगडाची उटी लावली. टाकीत डिझेल कमी होतं, ते सकाळी बघू म्हणालो.

आक्कानं हुलग्याचं पीठ मळलं, लसूण-तिखट घातलं आणि परातीच्या पाठीवर शेंगुळी वळायला लागली. बोटाएवढ्या वळ्या, एकसारख्या. रटरट रस्सा उकळला तसा त्यात सोडल्या.

"आई गेल्यापास्नं पयल्यांदा करतीय," ती म्हणाली.

मी तीन वाट्या खाल्ल्या. ती वाढत होती आणि मी वर बघत नव्हतो. मग ती आत झोपली, मी केबिनमध्ये.

सकाळी सेल मारला तर इंजिन नुसतं घुरघुरलं. पुन्हा मारला. नाही. उतारावर तोंड वर करून उभी, टाकीत डिझेल तळाला. मी खाली उतरलो आणि बॉनेट उघडायच्या आधीच मला कळलं होतं.

गाडीनं हवा घेतली होती.

बारा वर्षं मी डिझेल कधी तळाला जाऊ दिलं नाही, त्यामुळं हिला हे कधी झालंच नव्हतं. जे खोटं सांगितलं होतं ते आठ वर्षांनी, आक्का शेजारी उभी असताना, खरं झालं.

सोबत ठेवलेल्या कॅनमधलं दहा लिटर डिझेल टाकीत ओतलं. आक्का फडकं घेऊन उभी राहिली. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि पंप अंगठ्यानं दाबायला लागलो. आधी नुसता फसफस फेस आला. मग फेस आणि डिझेल. मग बुडबुडे कमी होत होत नितळ धार लागली. स्क्रू आवळला, सेल मारला, चालू.

"झालं?" आक्का म्हणाली.

"झालं."

"एवढंच आसतंय?"

"एवढंच."

तिनं फडक्याची घडी घातली. "धा मिंटं न्हाई लागली. मग तवा दोन तास काय करत हुतास रे?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. ती खरंच विचारत होती. मी इंजिन बंद केलं.

"आक्का, तवा गाडी बंद पडली नव्हती. पारगावच्या पुलाअलीकडं, भीमेच्या कडंला, मीच उभी केली हुती."

"कशापायी?"

ते मला बोलता आलं नाही. इथं लिहितो. आईचं दुखणं सहा महिने चाललं. अंघोळ घालणं, औषध, कूस बदलणं, सगळं मी आणि सुनंदानं केलं. शेवटचे दोन दिवस आई शुद्धीत यायची आणि विचारायची, "शकी आली का?" शकी म्हणजे आक्का. मी उशाशी असायचो, माझा हात तिच्या हातात असायचा, आणि ती विचारायची, शकी आली का? माझं नाव एकदाही घेतलं नाही. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, लेकीला आणा. मी फोन केला, आक्का फाट्यावर ये, मी निघालोय. पारगावपर्यंत आलो आणि माझ्या मनात आलं, थांबू दे तिला तासभर. मी सहा महिने थांबलोय. गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली आणि नदीकडं बघत बसलो. तासाचे दोन तास झाले. मग दवाखान्यातून फोन आला.

आक्का पाण्याकडं वळली. माझ्याकडं न बघता बोलली.

"सकाळी नवाला मी फाट्यावर हुते. चिंचंखाली. एक यष्टी गेली, तीन जिपा गेल्या. जीपवाला म्हणला, मावशी बसा की. मी म्हणलं, न्हाई, माझा भाऊ येतोय न्यायला. डब्यात शेंगुळी हुती. आईनं मागितली हुती ना. वैशाखाचं ऊन. दुपारपतूर आंबली ती. कुत्र्याला घातली मी, डबा पुसला, आन् परत बसले."



रात्रीची पातेली तिनं घासली, पालथी घातली, गादीची घडी केली. सगळं जागच्या जागी. मग पुढं येऊन बसली. "मला घरी सोड."

"वरवंडला?"

"माझ्या घरी."

फाटा

 न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या. पानं काढल्यामुळं गाडी खड्ड्यातूनही अल्लद जात होती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

तिच्या वस्तीच्या फाट्यावर चिंच अजून आहे. "हितंच थांब," ती म्हणाली. मी म्हणालो, घरापर्यंत सोडतो. "हितंच." तिनं मागून पिशवी काढली, झाडाखाली जाऊन उभी राहिली. सगळं संपलं असं धरून मी गियर टाकला.

तिनं पुढं येऊन दाराच्या पत्र्यावर थाप मारली.

"न्हावऱ्याकडं जा. ते गुऱ्हाळ लागतं का, तिथनं वळ." तिनं पिशवी पायाशी ठेवली. "आन् मला न्यायला ये."

मी गेलो. गुऱ्हाळापाशी काहिलीतून वाफ निघत होती. एक म्हातारा हातानंच मला मागं ये, मागं ये करत गाडी वळवायला मदत करत होता. त्याला काय माहीत मी कुठं चाललोय. वळलो. रस्ता सरळ होता, त्यामुळं ती लांबूनच दिसायला लागली. डोक्यावर पदर, पायाशी पिशवी, डोळ्यांवर हात आडवा धरून रस्त्याकडं बघत. आठ वर्षांपूर्वी मी पोचलो तेव्हा ती खाली बसलेली होती, मान गुडघ्यांत. ती आधी अशी उभी राहिली असेल, हे मी कधी मनात येऊ दिलं नव्हतं. माझा पाय आपोआप दाबला गेला. दीड किलोमीटर असेल, पण मी तो हॉर्न वाजवत कापला, पोरासारखा.

गाडी थांबवली, उतरलो, पिशवी उचलली, दार उघडलं. आक्का चढली.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"व्हय आक्का. उशीर केला."

तिनं दाजींना फोन लावला आणि म्हणाली, "माहेरी चाललीय. आठ दिस न्हाई येत." पलीकडून दाजी काय बोलले ते ऐकू आलं नाही. "मग शिका की आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पारगावच्या पुलावर तिनं विचारलं, "आई काय म्हणत हुती रे?"

डावीकडं नदीकाठ होता. ह्या वेळी बघितला. बाभळीखाली एवढीशी मोकळी जागा, त्यात कुणाची तरी म्हैस बसलेली.

"शकी आली का, शकी आली का. दोन दिवस तेवढंच. मी शेजारी हुतो आक्का. माझं नाव एकदाबी न्हाई घेतलं. म्हणून थांबलो हुतो मी."

पूल संपला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या डोक्यात हलकी टपली मारली.

"येड्या. हात तुझा धरला हुता ना तिनं? मग तुला हाक कशाला मारंल? हाक लांबच्याला मारत्यात."

मला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. केडगावपर्यंत मी दुसऱ्या गियरमध्येच चालवत होतो, आणि मागून हॉर्न देणाऱ्या सगळ्यांना आक्का खिडकीतून हात बाहेर काढून पुढं जा म्हणत होती.

दारात सुनंदा भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती. आक्कावरून तुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. आक्का उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

"आजून एक तुकडा आण गं. गाडीवरनंबी ओवाळून टाक."

"गाडीवरनं?" सुनंदा हसली. "तिच्यावरनं कशापायी, वन्सं?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि चपला काढायला लागली. मग मी तिथंच अंगणात, बॉनेटला टेकून, सुनंदालाही सांगितलं.